सामूची तब्येत

गल्लीत तिला बाटलीबाई म्हणत. दर सोमवारी सकाळी साडेसहाला ती रिकाम्या बाटल्यांची पिशवी खणखणवत निघायची आणि नऊला भरलेल्या बाटल्या घेऊन परतायची. नव्या भाडेकरूंच्या भुवया वर जात. मग कुणीतरी सांगे, समुद्राचं पाणी आहे हो, शास्त्रज्ञ आहेत त्या. भुवया खाली येत, पण पूर्ण नाही.

एकवीस वर्षं तिने एकाच धक्क्यावर, एकाच पायरीवरून पाणी मोजलं. मुख्य म्हणजे सामू. पाणी किती आंबट होतंय ते सांगणारा आकडा. तो उतरला की कालवांची कवचं पातळ होऊ लागतात. दरवर्षी तो केसभर उतरत होता, आणि केसभर उतार सिद्ध करायचा तर एकही सोमवार चुकवून चालत नाही.

घरात या कामात रस होता तो एकट्या सासूबाईंना. सोमवारी तिने दारात चपला काढल्या रे काढल्या की आतून हाक यायची.

"सामू कसा आहे गं?"

"थोडा उतरलाय, आई."

"अरेरे. जपायला हवं."

ऑफिसात ती तोऱ्यात सांगायची, "माझ्या सासूबाईंना सामू कळतो. आपल्या साहेबांना विचारून बघा."

मग पत्र आलं. समिती येणार होती. नोंद सलग असेल तर धक्क्यावरचं केंद्र राहील, नाहीतर गुंडाळतील. 'सलग'खाली रेघ मारलेली होती. आठ वर्षांपूर्वीचा एक सोमवार कोरा होता. त्या सकाळी डॉक्टर तिचं पित्ताशय काढत होते.

"आधीचा आणि नंतरचा आकडा मिळव, दोनने भाग," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. "कुणाच्या बापाला कळतंय?"

"मला कळेल ना."

घरी येऊन ती स्वयंपाकघरात डोक्याला हात लावून बसली.

"सामूचा एक दिवस राहिलाय, आई. मी दवाखान्यात होते तेव्हाचा. त्यापायी सगळं बंद पडणार."

"राहिला कुठे? मी गेले होते की."

"कुठे?"

"धक्क्यावर. तू तिकडे आडवी. त्या बिचाऱ्याची चौकशी कोण करणार? वॉचमनला म्हटलं, सामू कसा आहे? तो म्हणाला, थांबा. खाली जाऊन आला आणि सांगितलंन. घरी येऊन लिहून ठेवलं."

जुनी कॅलेंडरं सासूबाई फळ्यांवर अंथरत. दोघींनी मिळून सगळे डबे उतरवले. चौथ्या फळीवर, तेलाच्या डब्याच्या गोल डागात, तो सोमवार सापडला. चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं: "सामू ८.०८. ताप २६. अंग अगदी गार."

तिने आधी आकडा वाचला, मग शेवटचे तीन शब्द पुन्हा वाचले.

दुसऱ्या दिवशी तिने वॉचमनला गाठलं. तिची यंत्रं धक्क्यावरच्या केंद्रातच असत, आणि ती धरून धरून तो त्या कामात तयार झाला होता.

"मोजायच्या आधी दोन्ही प्रमाण द्रावणांत यंत्र तपासलं होतं का?"

"तपासलं की, मॅडम. आजी इतक्या कळवळून विचारत होत्या. चुकीचं कसं सांगू?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"आजींना सांगितलं ना. घरातल्या घरातच राहिलं."

तिने कॅलेंडरचं पान वहीत जसंच्या तसं चिकटवलं. मोजणारा: वॉचमन. नोंद घेणाऱ्या: सासूबाई.

समितीचे अध्यक्ष त्या पानावर थांबले. त्यांनी ते नाकाशी नेलं.

"खोबरेल?"

"शेंगदाण्याचं, सर."

"आणि हे 'अंग गार' काय आहे?"

"शेरा आहे, सर. मी त्यात बदल केला नाही."

अध्यक्षांनी वॉचमनला बोलावून समोर मोजायला लावलं. त्याने मोजलं. मग अध्यक्षांबरोबरच्या साहेबांनी मोजलं, तेव्हा वॉचमन हळूच म्हणाला, "साहेब, यंत्र धुवायचं राहिलं." अध्यक्षांनी वही मिटली आणि "सलग" असं लिहून सही केली.

ती जवळजवळ पळतच घरी आली. सासूबाई फळीवर डबे परत लावत होत्या.

"आई, केंद्र राहिलं! तुमच्यामुळे राहिलं." मग तिने जरा घसा साफ केला. "पण एक सांगू? सामू माणूस नाही हो. तो आकडा आहे."

सासूबाईंचा हात डब्यावरच राहिला.

"तरीच," त्या म्हणाल्या. "एकवीस वर्षं चौकशी करतेय, पण आजी, तुम्ही कशा आहात, असं एकदा उलट विचारलं नाही मेल्याने."