भाऊजींचं पूर्वमुखी घर

माझ्या नणंदेच्या यजमानांना जमीन दिसली, की ती विकत घ्यावीशी वाटते, आणि जगाच्या पाठीवरची कुठलीही जमीन याला अपवाद नाही. आपण वेल्समध्ये डोंगर बघायला जावं, तर हे कुंपणाला पोट टेकून समोरच्या मेंढ्यांच्या कुरणात विहीर कुठे पाडता येईल ते सांगत असतात. मोटरवेवर चहाला थांबावं, तर सगळे रांगेत उभे आणि भाऊजी कार पार्कच्या मागे उकिडवे बसून माती चोळतायत. चोळून झाली की वास घ्यायचा. वास पसंत पडला तर चिमूटभर रुमालात बांधून आणायची. तो रुमाल पुढे वॉशिंग मशीनमध्ये जायचा, त्यामुळे कॉव्हेंट्रीला त्यांच्या घरी पांढरा म्हणावा असा एकही कपडा नव्हता. एकदा लग्नाला म्हणून एका खेड्यातल्या चर्चमध्ये गेलो होतो. सगळे नवरानवरीवर कागदाचे तुकडे उधळत असताना यांनी पाद्रीबाबांना बाजूला घेऊन मागचं आवार विकायचं आहे का विचारलं. ते आवार म्हणजे दफनभूमी होती. "जागा शांत आहे," एवढंच भाऊजी नंतर गाडीत म्हणाले.

पेशाने ते भूलतज्ज्ञ. उभं आयुष्य तिथल्या हॉस्पिटलात गेलं. दोन हजार चार साली निवृत्त झाले तेव्हा मी रीडिंगला आमच्या घरी यजमानांना म्हटलं होतं, आता हे काहीतरी विकत घेणार. मला वाटलं होतं डेव्हनमध्ये एखादं शेत घेतील. त्यांनी बोर्निओत घेतलं. हॉस्पिटलात त्यांच्या ऑपरेशन थिएटरला हयाती नावाची इंडोनेशियन नर्स होती. तिचा भाऊ यूसुफ तिकडे कालिमंतानमध्ये एका नदीकाठच्या खेड्यात राहायचा, आणि त्याच्या शेजारची जमीन निघाली होती. भाऊजी दोनदा एकटेच जाऊन आले. दुसऱ्या खेपेहून परतले ते जमीनदार होऊन. फक्त तिथल्या कायद्याने परक्या माणसाला जमीन घेता येत नाही, म्हणून ती यूसुफच्या नावावर होती.

"मग त्यात तुमचं काय आहे?" मी विचारलं.

"माझी माती आहे."

त्यानंतर कॉव्हेंट्रीच्या घरात कालिमंतान सुरू झालं. जेवणघराच्या भिंतीवर नकाशा आला आणि शेजारी तिकडची वेळ दाखवणारं घड्याळ. सकाळी आठला नणंदबाईंनी, म्हणजे आमच्या वन्संनी, पॉरिज पुढे ठेवावं, तर हे म्हणणार, "आत्ता? दुपारचे चार वाजलेत तिकडे." इंटरनेटवर तिकडे पाऊस दिसला की बाहेर ऊन असलं तरी छत्री घेऊन पेपर आणायला जायचे. गाडीत भाषा शिकण्याची सीडी लावायचे, आणि सुपरमार्केटमधल्या मुलीने सुटे पैसे परत दिले की तिला वाकून "तेरिमा कासी", म्हणजे धन्यवाद, म्हणायचे. ती म्हणायची, "यू ऑलराइट, लव्ह?" पुढच्या अंगणातलं गवत ते लुंगीसारखं सारॉंग नेसून कापू लागले, तेव्हा समोरची मॉरीन वन्संना हळूच विचारून गेली, की डॉक्टरांची तब्येत बरी आहे ना, कारण तिच्या काकांचंही असंच सुरू झालं होतं.

इथवर वन्सं हसत होत्या. पण एका शनिवारी मंडळाच्या हळदीकुंकवाहून त्या लवकर परतल्या, तर त्यांच्या स्वयंपाकघरात टाय घातलेला एक तरुण टेपने ओट्याची लांबी मोजत होता. तो इस्टेट एजंट होता. भाऊजींनी घर विकून कायमचं नदीकाठी जायचं मनात पक्कं केलं होतं. वन्संना मात्र नदीकाठी नेऊन यूसुफकरवी बांधून घेतलेलं घर दाखवलं की त्या आपोआप हो म्हणतील, तोवर किंमत तरी काढून ठेवावी, असा त्यांचा हिशेब. वन्संनी त्या मुलाला चहा दिला, तिळगूळ दिला, दारापर्यंत सोडलं आणि मला फोन केला.

"सुमन, घर दोघांच्या नावावर आहे. मी सही केली नाही तर काय करतील?"

"काही करू शकत नाहीत."

"पण तोंड बघ कसं झालंय त्यांचं. मी एकदा बघून येते म्हटलंय. बघून काय ते सांगेन. तू चल बरोबर."

"मी कशाला?"

"तू असलीस की हे जरा कमी फेकतात."

मी सर्जरीतल्या, म्हणजे दवाखान्यातल्या, नोकरीतून रजा घेतली आणि गेले. घर राहणार की जाणार हे ठरत होतं, आणि वन्संना भिडेपोटी हो म्हणायची सवय होती. कुणीतरी बरोबर असायला हवं होतं.

विमानं बदलत, गाडीने, मग लांब निमुळत्या मोटरबोटीने गेलो. नदी चहाच्या रंगाची आणि चांगली रुंद. तिथे रस्ता म्हणजे नदीच. शाळेची मुलं नावेतून जातात, भाजीबाजार नावेतून येतो, वरात नावेतून निघते. म्हणून काठावरची सगळी घरं लाकडी खांबांवर उभी, आणि प्रत्येकाचं दार, ओसरी, फुलांच्या कुंड्या नदीकडे तोंड करून. लोक ओसरीतून हात हलवत होते. मग एक घर आलं, बाकीच्यांपेक्षा मोठं, कोरं करकरीत, आणि नदीकडे पाठ करून बसलेलं. आमच्या बाजूला दोन छोट्या खिडक्या, कपड्यांची दोरी आणि मोरीचा पाइप.

"हे कुणाचं हो?" वन्संनी विचारलं.

"आपलंच," भाऊजी म्हणाले.

"दार कुठंय?"

"पलीकडे. पूर्वेला."

"पूर्वेकडून कोण येतं?"

"सूर्य."

भाऊजींनी उभ्या आयुष्यात देवाला नमस्कार केल्याचं मी पाहिलेलं नाही. पण जमिनीच्या बाबतीत ते एकदम आपल्या मूळच्या कऱ्हाडचे होतात. दार पूर्वेला म्हणजे पूर्वेलाच. नकाशावर भला मोठा बाण काढून त्यांनी यूसुफला फॅक्स केला होता. यूसुफ फोनवर "बाईक, बाईक" म्हणाला होता, म्हणजे छान, छान. तिकडची माणसं इतकी सभ्य, की पाहुण्याला चूक दाखवत नाहीत. अख्ख्या गावाने कौतुक करत ते घर उलटं बांधून दिलं.

मोरीच्या पाइपाशी उतरून, चिखलातल्या फळीवरून तोल सांभाळत आम्ही पुढे गेलो. 'पुढे' म्हणजे रबराच्या झाडांकडे. तिथे ऐसपैस ओसरी, घासूनपुसून ठेवलेला बाक आणि पितळी पाटी. पाटी झाडं वाचत होती.

पुढचा आठवडा भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून त्या ओसरीवर पाहुण्यांची वाट बघत बसले. पाहुणे येत होते, पण नावेतून येणारा माणूस जिथे नाव लागते तिथे येतो. ते स्वयंपाकघराच्या मागच्या पायऱ्यांवर यायचे. तिथे वन्सं असायच्या. पहिल्या दिवशी एक बाई मासे घेऊन आली आणि वन्संच्या बांगड्या बघत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिने जावेला आणलं, जावेने आईला. वन्संनी तिकडच्या तांदळाच्या पिठाची थालीपिठं लावली. त्या बायकांनी ती केळीच्या पानावर घेऊन खाल्ली आणि पिठात नारळ घाल, असं हातवारे करून बजावलं. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तरी सुनांबद्दलचं सगळं बोलणं व्यवस्थित चालू होतं. हशा झाला की ओसरीवरून हाक यायची.

"अगं, कोण आलंय?"

"माझ्याकडे आलेत!" वन्सं इकडून ओरडायच्या.

"मग मी येऊ का?"

"बायका आहेत! बसा तिकडेच सूर्याबरोबर!"

निघायच्या आदल्या दुपारी मात्र ते बाक उचलून मागे घेऊन आले. दारात मावेना, म्हणून आडवा करून मी एका टोकाला धरला. पायऱ्यांशी ठेवून बसले. समोर नदी. 

"आमच्या वडिलांना," ते म्हणाले, "भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाला विचारावं लागायचं. खोल्या त्याच्या. आम्ही चार भावंडं, अंगणात एक झाड लावलं होतं, तेही त्याने उपटायला लावलं."

"तिकडे कॉव्हेंट्रीला ठोका की हवे तेवढे खिळे," वन्सं म्हणाल्या. "मी कधी अडवलंय?"

"ते घर आहे गं. मी जमीन म्हणतोय."

"ही तरी कुठे तुमच्या नावावर आहे?"

 मी उठून आत जाणार होते, पण वन्संनी माझा हात धरून ठेवला.

"ऐका," त्या म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हा मी तुमच्यामागे देश सोडून आले. बर्फ बघून दोन वर्षं रडले, तुम्ही ड्यूटीवर असताना रडायचे म्हणून तुम्हाला माहीत नाही. मग तिथे एकेक माणूस जोडलं. आता पुन्हा पहिल्यापासून नाही व्हायचं माझ्याने. घर विकायचं नाही. मी सही करणार नाही."

मी भाऊजींकडे बघितलं. या माणसाने पार्किंगच्या दंडावरून कौन्सिलशी वर्षभर पत्रापत्री केली आहे, दूधवाल्याशी सायीवरून वाद घातला आहे. मला वाटलं आता ते नकाशा, पाऊस, मातीचा पोत, सगळं काढतील.

"बरं," ते म्हणाले.

तेवढंच. मग नदीतून जाणाऱ्या एका नावेकडे बघून त्यांनी हात हलवला, आणि नावेतल्या म्हाताऱ्याने उलट हात हलवला.

सकाळी बोट मागच्या पायऱ्यांशी लागली. सगळ्या बायका आल्या होत्या. त्यांनी वन्संच्या मांडीवर केळीचा घड, सुके मासे आणि कुणाचं तरी तान्हं बाळ ठेवलं. बाळ वेळेत परत घेतलं. यूसुफने भाऊजींचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मोटर सुरू झाली, घर मागे सरकू लागलं, ते छोट्या खिडक्यांचं, कपड्यांच्या दोरीचं, वेड्यासारखं पाठमोरं घर. भाऊजी मुद्दाम पुढे, विमानाची तिकिटं चाचपत बसले होते.

वन्सं मागे तोंड करून बसल्या होत्या. त्या बायकांकडून शिकलेला एकच शब्द त्यांना नीट म्हणता येत होता. वळण जवळ आलं तशा त्या बोटवाल्याकडे वाकल्या आणि म्हणाल्या, "पलान, पलान." सावकाश, सावकाश.

भाऊजींनी चमकून वळून बघितलं. बोटवाल्याने मोटर मंद केली.