पेरूला निघालेलं गाठोडं

आमची पेरू देशाची सहल गुरुवारी सकाळी विजापूर रोडवरच्या मंद्रूपला जाऊन पोचली. आम्ही स्वतः तेव्हा सोलापुरात, घरीच, चहा पीत बसलो होतो.

हे कसं घडलं ते सांगतो, पण आधी एक अट. पेरू म्हटल्यावर ज्यांना फळाचा विनोद सुचलाय त्यांनी तो मनातल्या मनात करून हसून घ्यावं. मला तो आत्तापर्यंत सगळ्या गल्लीनं ऐकवलाय, दूधवाल्यासकट! मी बोलतोय तो दक्षिण अमेरिकेतला देश. राजधानी लिमा. तिथं आमची एकुलती एक मुलगी केतकी खाणीच्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनियर आहे. तीन वर्षांत तिला घरी यायला जमलं नव्हतं. यंदा तिनं आम्हा दोघांची विमानाची तिकिटं पाठवली, पंधरा दिवसांची रजा टाकली आणि म्हणाली, "बाबा, काही करू नका. नुसते या."

नुसते या! एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला! भूगोलाबरोबर शाळेची सहलही कायम माझ्याच गळ्यात असायची. ऐंशी पोरं, दोन एसट्या, विजापूर-बदामी-ऐहोळे, आणि परत येताना मोजली तर पोरं बरोबर ऐंशी! (एकदा एक्याऐंशी भरली होती. तो विषय नको.) असा माणूस नुसता जाईल होय?

मी नकाशा पसरला, पट्टी घेतली आणि आठवडाभरात नऊ मुक्काम ठरवले. लिमा, कुस्को, माचू पिचू, तितिकाका सरोवर, अरेकिपा, कोल्काची दरी, नाझ्का, पाराकास आणि इकितोस. इकितोसला म्हणे रस्ताच जात नाही, विमानानं नाहीतर बोटीनंच जावं लागतं. हे कळल्यावर तर ते मी हट्टानं घातलं. मग शाळेच्या शिस्तीप्रमाणे रोजचा तक्ता, जाड फायलीत लावलेला. पहाटे पाच, उठणे. सव्वापाच, प्रातर्विधी. पावणेसहा, रांगेत उभे राहणे.

"रांगेत?" सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, तक्ता वाचत म्हणाली. "दोघंच तर आहोत की आपण!"

"शिस्त माणसं मोजून लागत नाही."

ती पानं उलटत राहिली. "अहो, यात केतकीच्या घरी कधी राहायचं?"

"आहे की! पहिल्या दिवशी चार तास. शेवटच्या दिवशी साडेतीन."

"पंधरा दिवसांत साडेसात तास?"

"अगं, ती सगळीकडं बरोबर असणारच आहे ना!"

"रांगेत ना?" सुनंदानं फाईल खाली ठेवली. "मला तिच्या घरात बसायचंय हो. ती काय खाते, कुठं झोपते, तिच्याकडं कोण येतं-जातं, ते बघायचंय. तीन वर्षं झाली पोरीला डोळ्यांनी बघून."

शहाण्या माणसानं इथं फाईल मिटली असती. मी तितिकाका समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ते सांगितलं.

मंगळवारी आम्हाला निरोप द्यायला वेळापूरहून आक्का आली. आक्का माझी थोरली बहीण. पंचांग तिच्या पिशवीत, आणि मी तिच्या धाकात, हे लहानपणापासून चालत आलंय.

"जायाचं कवा?" आक्का.

"शुक्रवारी सकाळी मुंबई. तिथनं पुढं विमान."

"कुन्या दिशेला हाय त्ये गाव?"

आता भूगोलाच्या मास्तरला असा प्रश्न विचारू नये. मी रंगात आलो. "तसं बघितलं तर आक्का, तो देश जवळजवळ आपल्या पायाखालीच येतो. पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला!"

आक्कानं पाय उचलून खुर्चीवर घेतले. "म्हंजी पाताळात?"

"नाही गं! विमान पश्चिमेला जातं."

"पश्चिमेला? शुक्कीरवारी?" आक्कानं पंचांग उघडलंसुद्धा नाही. "दत्ता, दिशाशूल हाय की रं!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमुक वारी अमुक दिशेला निघू नये, निघालं तर दिशाशूल. पण निघायलाच लागत असेल तर त्यावर तोड आहे. आधीच्या चांगल्या दिवशी त्या दिशेच्या कुणाच्या तरी घरात एक लहानसं गाठोडं नेऊन ठेवायचं. याला म्हणतात प्रस्थान ठेवणं. म्हणजे आपण त्याच दिवशी निघालो, असं धरून चालायचं, आणि जाताना वाटेत ते गाठोडं उचलायचं. अट एकच. बाहेर पडलेलं गाठोडं परत आपल्या घरात आणायचं नाही.

"येक सुपारी आन् मूठभर तांदूळ, नव्या फडक्यात," आक्का म्हणाली. "झालं की!"

तेवढ्यावर भागलं असतं. पण मी हौसेनं तिला माझा तक्ता दाखवला. आक्कानं एकेक मुक्काम पंचांगाशी ताडून बघितला आणि डोक्याला हात लावला. "आरं, नवातली सात ठिकानं दिशाशुलावर हायती! आन् मदी आवस!"

झालं! माझ्यातला सहलप्रमुख खडबडून जागा झाला. प्रत्येक मुक्कामाचं वेगळं प्रस्थान कसं ठेवणार? मग एकदाच, ठोक ठेवायचं! आख्खी फाईल, विमानाची तिकिटं, व्हिसा लागलेले दोघांचे पासपोर्ट, सगळं एकाच गाठोड्यात!

"पासपोर्ट कशाला त्यात?" सुनंदानं विचारलं.

"पासपोर्टाशिवाय कधी प्रस्थान होतं का?" मी वर्गातल्या आवाजात म्हणालो. या आवाजानंतर कुणी हात वर करत नाही.

आमच्या पश्चिमेला भिंतीला भिंत लागून सलीमभाईंचं घर. त्यांचा स्वतःचा टेम्पो आहे आणि वीस वर्षांचा शेजार. बुधवारी सकाळी मी लाल फडक्यातलं गाठोडं घेऊन गेलो आणि सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे सर, तुमी आजच निघाले, आणि मुक्कामाला माझ्याकडं?"

"तसंच समजा."

"मग जेवायला पण या की!" सलीमभाईंनी गाठोडं दोन्ही हातांनी घेऊन डोळ्यांना लावलं. "अमानत हाय सर. जिवापाड सांभाळतो."

त्यांनी ते खरोखरच जिवापाड सांभाळलं. सगळा घोटाळा त्यानंच झाला.

बुधवारी दिवसभर मी सलीमभाईंकडंच होतो. केतकीचा फोन, माचू पिचूच्या रेल्वेसाठी पासपोर्टचा नंबर हवा. गाठोडं सोड, नंबर सांग, गाठोडं बांध. तासाभरानं व्हिसाचा नंबर. पुन्हा सोड, पुन्हा बांध. मग नाझ्काच्या वेळेबद्दल माझी मलाच शंका आली. चौथ्या वेळी भाभींनी दार उघडंच ठेवलं होतं आणि कपात चहा गाळलेला होता. इकडं आमच्या उंबऱ्यात आक्का पहाऱ्याला. मी परत येताना माझे दोन्ही हात तपासून मगच आत सोडायची!

गुरुवारी सकाळी चहा संपवून मी पाचव्यांदा गेलो. दाराला कुलूप.

फोन लावला. "सलीमभाई, कुठं आहात?"

"मंद्रूपला सर! साडूच्या पोरीची मंगनी. काल सांजच्याला एकदम ठरलं."

"आणि... आमचं गाठोडं?"

"बेफिकीर राहा! बंद घरात दुसऱ्याची अमानत कशी सोडू? सोबत आणलंय की!"

"परत कधी येणार?"

"शनवारी!"

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सुनंदाच्या हातात केतकीसाठी बांधलेल्या शेंगाचटणीचा पुडा होता. ती तशीच खाली बसली. "ती तिकडं विमानतळावर येऊन उभी राहणार हो," ती म्हणाली. "आई दिसेल म्हणून बघत राहील. तुमच्या त्या फायलीपायी माझी पोर नुसती उभी राहील!"

मी स्कूटरची किल्ली घेतली. तर दारात आक्का!

"कुटं निगाला?"

"मंद्रूपला."

"आज गुरुवार. मंद्रूप दक्षिणंला." आक्का दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. "दिशाशूल हाय! थांब, तांदूळ आन्ते!"

बत्तीस वर्षांच्या संसारात सुनंदानं आक्कापुढं कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी ती म्हणाली, "आक्का, बाजूला व्हा!" आक्का इतकी चकित झाली, की बाजूला झाली.

मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन, तीस वर्षांची स्कूटर, मागं डोक्याला पदर बांधून सुनंदा. विजापूर रोडनं तासाभरात मंद्रूप गाठलं. मांडव लांबूनच दिसला. आत शिरलो तर चिडीचूप! मधोमध गादीवर नवऱ्याकडची माणसं, पुढ्यात मिठाईची आणि कपड्यांची तबकं, आणि त्या तबकांत आमचं गाठोडं. सोडलेलं! चष्मेवाला नवरामुलगा उभा राहून माझी फाईल मोठ्यानं वाचत होता.

"तिसरा दिवस. पहाटे पाच, उठणे. सव्वापाच, प्रातर्विधी. पावणेसहा, रांगेत उभे राहणे."

सलीमभाईंचा हिशेब सरळ होता. चारचौघांच्या नजरेसमोर असलेली वस्तू हरवत नाही, म्हणून त्यांनी गाठोडं नेऊन गादीजवळ ठेवलं. नवं लाल फडकं, आत सुपारी, तांदूळ. नवऱ्याकडच्यांना वाटलं, मुलीकडचा आहेर! आणि फायलीवर माझ्याच ठसठशीत अक्षरात: 'पेरू देश. पंधरा दिवसांची सहल. व्यक्ती दोन.'

"सहल दिली, मेहरबानी," नवऱ्याचे वडील सलीमभाईंच्या साडूला म्हणत होते. "पण नवीन लग्न झालेल्या पोराला पहाटे पाचला उठवून रांगेत उभं करायचं?"

साडू बिचारा पार घामाघूम. त्याला पेरूच माहीत नव्हता!

"वो सब छोडो," नवऱ्याची आजी म्हणाली. जाड भिंगाचा चष्मा, आणि आवाज असा की मांडवाबाहेरचा आचारीही थांबला. "पहले ये बताओ, ये केतकी कौन? पहले दिन केतकी के घर चार घंटे. आखरी दिन फिर केतकी!"

बायकांच्या बाजूनं एक मोठा 'हाय अल्ला' ऐकू आला. नवऱ्यामुलानं फाईल फटकन मिटली. "दादीमा, कसम से, मी कुठल्याच केतकीला ओळखत नाही!"

"केतकी माझी मुलगी आहे!" मी मागून ओरडलो.

यानं सगळं निस्तरेल असं मला वाटलं होतं. उलट सगळ्या माना माझ्याकडं वळल्या, मग नवऱ्याकडं वळल्या, आणि नवरामुलगा मटकन खालीच बसला! शेवटी सुनंदा पुढं गेली. तिनं गाठोड्यातून पासपोर्ट काढून आमचे दोघांचे फोटो आजीपुढं धरले. पासपोर्टातला माझा फोटो बघून हा नवरदेव नव्हे याबद्दल कुणालाच शंका उरली नाही. सलीमभाई कपाळाला हात लावून उभे, आणि मग जो हशा पिकला, तो थांबेना.

आजी मात्र हसली नाही. "मास्तर, इधर आओ. बेटी को देख के कित्ते दिन हुए?"

"तीन वर्षं झाली."

"और उसके घर में चारच घंटे? पत्थरां देखने कू चार दिन?"

मी इंका संस्कृतीबद्दल काहीतरी बोलायला लागलो.

"वो पत्थरां भाग जाते क्या?" आजी म्हणाली. "बेटियां जाते."

एकतीस वर्षं मी मुलांना उभं करून प्रश्न विचारले होते. उत्तर न येता उभं राहणं कसं असतं, ते मला मंद्रूपला कळलं. मला लाज वाटली, आणि ती उन्हानं तापलेल्या कानांपर्यंत गेली. सुनंदा आजीशेजारी बसून रडत होती आणि आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मग सुनंदानं डोळे पुसले. पासपोर्ट आणि विमानाची तिकिटं पर्समध्ये घातली आणि फाईल उचलून नवऱ्यामुलाच्या हातात दिली. "ही तुम्हालाच असू द्या," ती म्हणाली. "जमलं तर पाचला उठा."

जेवल्याशिवाय आम्हाला कुणी सोडलं नाही. घरी परतलो तेव्हा आक्कानं उंबऱ्यात माझेच हात तपासले, सुनंदाच्या पर्सला हात लावायचं धाडस तिला झालं नाही. शुक्रवारी सकाळी सलीमभाईंनी मंगनीचं घर सोडून, मंद्रूपहून टेम्पो आणून आम्हाला स्टेशनवर पोचवलं. आक्का निरोप देताना म्हणाली, "गुरुवारी दक्षिणंला गेलात, बगितलं न्हवं काय झालं?"

केतकीनं सगळी बुकिंगं रद्द केली, आणि ती इतक्या पटापट केली की तिलाही तो तक्ता आवडला नव्हता हे माझ्या लक्षात आलं. लिमाच्या विमानतळावर मायलेकी एकमेकींना मिठी मारून इतका वेळ उभ्या राहिल्या की मी सामानाची गाडी घेऊन तीनदा लोकांना वाट करून दिली. पुढचे पंधरा दिवस आम्ही तिच्या दोन खोल्यांच्या घरात काढले. पोरगी चहात साखर घालत नाही. कांदा चिरताना आईसारखीच गुणगुणते. आणि रविवारी घर खायला उठतं म्हणून आठवड्याचे सगळे कपडे रविवारीच इस्त्री करते. यातलं काही म्हणजे काही मला माहीत नव्हतं.

परत आल्यावर आमच्या निवृत्त शिक्षकांच्या मंडळानं माझं व्याख्यान ठेवलं. हार, नारळ, फळ्यावर रंगीत खडूनं 'पेरू: एक अनुभव'. व्याख्यान दहा मिनिटांत संपलं आणि प्रश्न सुरू झाले.

"सर, माचू पिचू प्रत्यक्षात कसं वाटतं?"

"नाही पाहिलं."

"तितिकाका?"

"नाही."

"मग पंधरा दिवस तिथं केलंत काय?"

"मुलीच्या घरी बसलो," मी खरं ते सांगितलं. "कांदे चिरून दिले. इस्त्रीला मदत केली."

दुसऱ्या रांगेत आमचे गणिताचे जुने सर बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळं आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटतं. ते शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणाले, "कुठला पेरू नि काय! व्हिसाच मिळाला नसणार. मुंबईत कुणाकडं तरी पंधरा दिवस लपून बसले असतील!"

आणि पहिल्या रांगेत बसलेली सुनंदा सोडून सगळ्यांना ते पटलं. सुनंदा नुसती हसत होती.