तिच्या अंगात आलं नव्हतं

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. आता बायको राहिली नाही. आता टाळणं म्हणजे खोटं बोलणंच.

"धर्म बदललात, पण तुमच्या बायांच्या अंगातलं काही गेलं नाही." लातूरचा नावाजलेला डॉक्टर हे मला म्हणाला. तिच्याकडं न बघता. कंपाउंडर हसला. मीही हसलो.

लातूर तेव्हा नवा जिल्हा. दुष्काळ पडलेला. मी कचेरीत कारकून. बायको टँकरच्या रांगेत तासन्‌तास उभी राहायची, लघवी दाबून. आडोशाला जाऊन आली की पांढरीफटक पडायची, घामानं चिंब व्हायची. एकदा रांगेतच कोसळली. बाया म्हणाल्या, अंगात आलं. एकीनं हळद-कुंकू लावलं.

आमच्या घरातून देव बाहेर काढून एक पिढी झालेली. मला लाज वाटली. म्हणून तिला त्या डॉक्टरकडं नेलं.

तिनं त्याला नीट सांगितलं होतं, "साहेब, मुतून आलं की डोसकं फुटाय लागतंय. छाती लई धडधडते." त्यानं नुसती नाडी धरली.

रस्त्यावर ती म्हणाली, "तुमी बी हसलाव."

घरी मी ओरडलो, "सोंगं बंद कर. समाजात तोंड दाखवू देणार न्हाईस."

मग तिनं पाणी पिणंच सोडलं. लघवीला जायला नको म्हणून. दुष्काळात ते कुणाच्या लक्षात येणार? ओठ फुटले, डोळे आत गेले. पण झटके कमी झाले. मला वाटलं, सुधारली.

तिचा भाऊ आला. बघितलं आणि मला न विचारता तिला नांदेडला घेऊन गेला. मी मागून गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं ऐकून घेतलं. रक्तदाब मोजला. म्हणाल्या, "लघवी करून या." पुन्हा मोजला. पारा वर चढतच गेला.

"मूत्राशयाच्या भिंतीत गाठ असणार," त्या म्हणाल्या. "फार क्वचित होते. बहुतेक कॅन्सरची नसते. पण मूत्राशय आवळलं की गाठीतला रस रक्तात उतरतो. तयारी न करता हात लावला तर बाई ऑपरेशनच्या टेबलावरच दगावेल. या बाईंनी घरी काही सांगितलं नव्हतं?"

भाऊ माझ्याकडं बघत राहिला.

आधी गोळ्यांनी रक्तदाब आवरला. मग मोठ्या दवाखान्यात गाठ कापली. साधीच निघाली. ती वाचली.

पुढं तो लातूरचा डॉक्टर कचेरीत आला. "काय, उतरलं का बायकोचं भूत?"

मी उभा राहिलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "भूत नव्हतं. गाठ होती. तुम्ही आमची जात तपासलीत, बाई तपासली नाहीत."

ही गोष्ट वस्तीत अजून सांगतात. उद्या विहारात तिच्या मरणानंतरच्या पुण्यानुमोदनालाही सांगतील, यानं बायकोला वाचवलं म्हणून. मी त्यांना थांबवणार. तिला मेहुण्यानं वाचवलं. मी तिला तहानेनं मारायला निघालो होतो. हे माझ्या तोंडानं, माझ्या मुलांसमोर सांगणार.

डॉक्टरला सुनवायला मला एक क्षण लागला. तिला "माझं चुकलं" म्हणायला अख्खा संसार होता. म्हणालो नाही.