शिकागो अप्पांनी उसवलेला कोट

शिकागो अप्पा इंग्रजी सिनेमा बघून आले की त्यांना गोष्ट विचारण्यात अर्थ नसे. कोण मेलं, कोणी मारलं, यातलं काही त्यांच्या ध्यानात राहत नसे. "दोन ओळींत सहा बटनं. कॉलर रुंद," एवढं सांगून ते मशीनवर बसत. हुबळीच्या दाजीबानपेठेत त्यांचं शिंपीकामाचं दुकान होतं. अमेरिकेत दारूबंदी असताना शिकागोत चोरून दारू विकून गब्बर झालेल्या गुंडांचा सिनेमा लागला की अप्पा सकाळच्या खेळाला हजर. स्वतः मात्र चहासुद्धा अर्धाच कप घेत.

"धंदा वाईटच की रे त्यांचा," ते मला सांगत. "पण अंगावर बघ, एक सुरकुती नाही. धंद्यात चोरी केली, शिलाईत नाही केली." ते गुंड मरून कितीतरी वर्षं झाली होती. पण आमच्याकडचा बँडवाला, कॉलेजच्या गॅदरिंगमधला खलनायक आणि गोकुळ रोडवरच्या कारखानदाराचा मुलगा, तिघेही अप्पांच्या हातून थेट शिकागोचे होऊन बाहेर पडत.

चौथा मी. नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो. शर्ट खुंटीवर जेवढा शोभे तेवढाही माझ्या अंगावर शोभत नसे. साहेब सोडाच, शिपाईसुद्धा मला 'अरे' म्हणायचा. "अप्पा, लोक जरा टरकले पाहिजेत," मी म्हणालो. त्यांनी माझ्या पाठीवरून टेप फिरवली आणि उसासा टाकला. "त्याला खांदे लागतात. तुझ्याकडं नाहीत. मी घालतो." काळ्या कापडावर पांढऱ्या रेघा, आत कॅनव्हास आणि कापूस. तो कोट घातल्यावर दारातून जाताना मी उगीचच तिरका होऊ लागलो. अप्पा म्हणाले, आयुष्यात असा कोट शिवला नव्हता.

आणि तोच घालून, हातात हॅट घेऊन, मी ऐन मे महिन्यात धारवाडला केलगेरीकडे मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत, एवढंच मला माहीत होतं. खातं अबकारी होतं आणि हातभट्ट्या फोडण्यात त्यांची हयात गेली होती, हे तिथे गेल्यावर कळलं. ते माझ्याकडे फार ओळखीच्या नजरेनं बघत होते. असल्या कोटातले गुंड कमी बोलतात असं मी सिनेमात पाहिलेलं, म्हणून मीही कमी बोललो. "पुढं काय विचार?" त्यांनी विचारलं. "बघू," मी म्हणालो. उप्पीट पुढे ठेवताना मुलीनं हळूच विचारलं, "उकडत नाही का?" त्या घरात त्या दिवशी शहाणपणाचं बोललेलं ते एकच वाक्य, आणि त्या वाक्यावर मी पुरता विरघळलो.

दोन दिवसांनी नकार आला. 'मुलाची लक्षणं बरी दिसत नाहीत.' मी तीन दिवस जेवलो नाही. म्हणजे रात्रीचं जेवलो नाही. दुसरं स्थळ बघू, असं घरचे म्हणाले; मला दुसरं नको होतं. अप्पांनी ऐकून घेतलं आणि इस्त्रीला म्हणून कोट मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते धारवाडच्या बसमध्ये बसले. पुढचं मला सासऱ्यांनी सांगितलं. अप्पांनी कोट त्यांच्या टेबलावर पसरला, खिशातून कातर काढली आणि दोन्ही खांदे त्यांच्यासमोर उसवले. कापूस बाहेर आला. "साहेब, हे खांदे माझे, मुलाचे नव्हेत," अप्पा म्हणाले. "मुलगा अगदी गरीब आहे. रस्त्यात कुत्रं आडवं आलं तर हा थांबून त्याला आधी जाऊ देतो. शिक्षा करायची तर मला करा." साहेब आधी कापसाकडे बघत राहिले, मग इतके हसले की आतून सगळे बाहेर आले.

संध्याकाळी अप्पा आमच्या दारात उभे. "होकार आला, तम्मा," ते म्हणाले आणि पिशवीतून कोट काढला. मी काय म्हणालो असेन? "अप्पा, हे काय करून ठेवलंत माझ्या कोटाचं?" ते ओशाळले. "शिवून देतो की," एवढंच म्हणाले.

शिवूनही दिला. पुढे तयार कपड्यांची मोठी दुकानं आली, अप्पांची नजर मंदावली आणि ते अळणावरला लेकीकडे राहायला गेले. माझा त्यांच्यावर फार जीव होता. एकदा जाऊन नीट बोलायचं, असं दर दिवाळीला ठरवायचो. दिवाळ्या गेल्या. मग एका दुपारी लेकीचा फोन आला, अप्पा गेले.

बायकोला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "मी तर मांडवातच त्यांच्या पाया पडून म्हटलं होतं, अप्पा, तुमच्यामुळं माझा संसार उभा राहिला. तुम्ही काय म्हणाला होता हो त्यांना?"

मी म्हणालो, "मी कोटाचं विचारलं होतं."