बाबांच्या डोळ्यातली खिडकी

जवळचं बघताना डोळ्यातलं काहीतरी फुगतं, असं शाळेत बाईंनी शिकवलं. नेमकं काय, ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. चिंचणीला घरी बाबा दागिन्यांचे पोलादी साचे, म्हणजे डाय, कोरायचे. मी त्यांच्या डोळ्याजवळ तोंड नेलं. "डाय बघा. आता बाहेरचा ताड बघा." त्यांच्या बुबुळावर खिडकीचं प्रतिबिंब चमकत होतं. डोळा फुगला तर तेही बदलायला हवं; पण ते जराही लहानमोठं झालं नाही. बाई खोटं बोलतात, की बाबांचा डोळाच वेगळा? दुसऱ्या दिवशी मी तणतणत बाईंनाच विचारलं.

"अगं, खिडकी दिसली ते वरचं पारपटल नाही, आतलं भिंग फुगतं."

तेच मी बाबांना ऐकवलं. जवळून नक्षी दिसेना म्हणून त्यांनी डाय हातभर लांब धरली, डोळे बारीक केले आणि मलाच विचारलं, "मग माझं का नाय फुगत आता?"