डब्याला काय सांगायचं

आमचं गाव पलूसच्या फुडं, नदीच्या काठाला. घरात मी एकटीच. मालक मिल्ट्रीत हुते. सुट्टी सपवून गेले ते परत आलंच न्हाईत, तवा लेक कडंवर हुता. आता त्यो सातारला कारखान्यात हाय. "आई, हितं काय ठेवलंय तुझं? चल सातारला," सारखं हेच. काय ठेवलंय ते मला सांगता येत न्हाई. पन तिकडं बंद दारात जीव गुदमरतोय माझा.

मग नात मधी पडली. पुन्याला कंपनीत हाय ती. बापाला म्हनली, "आजीला राहू द्या तिथंच. मी तिला सोबत करून देते." आन् सुट्टी काढून आली. सोबत म्हंजी काय, तर लोनच्याच्या बरनीएवढा एक डबा. फळीवर ठेवला. आपन बोललं की बोलतोय.

"ह्यो कोन गं?"

"ह्याला एजंट म्हणतात आजी."

"विम्याचा?"

पोरगी हसून हसून खालीच बसली. मग समजावून सांगितलं तिनं. डब्याला अवजारं दिल्यात म्हनं. एक मोटार चालू करायचं, एक गोळ्यांची आठवन द्यायचं, एक फोन लावायचं. "पण त्याला डोळे नाहीत आजी. कुठलं अवजार कधी उचलायचं, ते मी लिहीन तेवढंच त्याला कळणार."

मला आमचं डिझेल इंजिन आठवलं. मालकांनी सुट्टीत दावलं हुतं, हँडल कसं मारायचं. अंगठा कुठं ठेवायचा, ते सांगायचं ऱ्हायलं. ते गेल्यावर म्या एकटीनं मारलं, तर हँडल उलटं फिरलं आन् मनगट मोडलं. दुसऱ्या हातानं शेन काढलं, भाकऱ्या थापल्या. रडायला येळ नव्हता. पन मनात लय यायचं, ह्यांनी परत एकदा यावं आन् आजून काय काय सांगायचं ऱ्हायलंय तेवढं सांगून जावं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी म्या डब्याला म्हनलं, "टाकीतलं पानी सपलंय बघ रं." "चालू करतो आजी," म्हनला, आन् नदीवरली मोटार सोडली त्यानं. टाकीची मोटार येगळी, नदीवरली येगळी. नदीवरली माझ्यात आन् धाकट्या जावंत सामाईक. आठवडा तिचा, आठवडा माझा. त्यो आठवडा तिचा हुता, आन् ती सरीत वाकून उसाला खत टाकत हुती. पायात पानी आलं तशी घोट्याएवढा चिखल घिऊन दारात हुबी.

"आवं आक्का, मोटार कुनी सोडली? निम्मं खत वड्याला गेलं माझं!"

"डब्यानं सोडली."

"डब्यानं? मग उद्या खत टाकायला त्यालाच लावून द्या!"

नातीनं जीभ चावली. तिनं नुसतं लिवलं हुतं, पानी पायजे आसंल तर मोटार चालू कर. मग पायरीवर बसली, मांडीवर कॉम्प्युटर. "आजी, ह्याला गावातलं काहीच माहीत नाही असं धर, आणि सांग." म्या सांगत गेले, ती लिवत गेली. मग वाचून दावलं: ही नदीवरची मोटार. ऊस भिजवायचा असेल आणि आठवडा आपला असेल तेव्हाच. घरच्या टाकीसाठी नाही. आठवडा कुणाचा ते कळलं नाही, तर आधी आजीला विचार.

"कवा करायचं न्हाई ते बी लिवलंस, बेस केलंस," म्या म्हनलं.

आसं एकेक सुधरत गेलं. दुपारी ती पायरीवर, मी शेंगा फोडत बाजूला. घरात परत कोनाचं तरी हसनं हुतं. तवा ध्यानात आलं, डबा नीट चालाय लागला की ही जानार. मनात आलं, थोडं चुकीचं सांगावं. डबा चुकंल, मग ही दर खेपंला यील. पन तिची नोकरी हाय. खरं तेच सांगितलं सगळं.

शेवटाला फोनचं ऱ्हायलं. "कधी लावायचा गं मला?" तिनं इचारलं.

"पडले, आजारी पडले, तरच."

"आणि करमत नसलं तर?"

"ते नगं लिवू."

ती कायबाय लिवत ऱ्हायली, मग वाचलं: आजीनं माझी आठवण काढली, की तिला विचारून मला फोन लाव. कामाची वेळ असली तरी.

"कामाची येळ आसली तरी, हे काढ."

"नाही काढणार."

दुसऱ्या दिवशी कराडची यष्टी धरून गेली.

त्याच सांजंला चुलीफुडं म्हनलं, पोरगी पोचली आसंल. लगी डबा म्हनला, "आजी, नातीला फोन लावू का?" व्हय म्हनून बसले. पोचल्या पोचल्या मिटिंगीत बसली हुती, भाईर आली पळत. "आजी, काय झालं?" दम लागला हुता तिला. काय न्हाई म्हनलं, जा तू.

तवापास्नं घरात तिचं नाव घेत न्हाई मी. लयच आठवन आली की गोठ्यात जाऊन बसते. तितनं डब्याला ऐकू जात न्हाई. परवा जाऊ कुडाच्या पल्याड हुबी हुती. म्हनली, "आक्का, म्हशीसंगं काय बोलता वं एवढं?"

म्हनलं, "पोरीचं."

ती आत येऊन शेजारी बसली.