टोप्यांची थंडगार पेटी

मित्सुए काजिवाराच्या हाताखालून दिवसाला सहाशे पेट्या जातात. जपानमधल्या हिमी गावाच्या बंदराजवळ माशाच्या वड्यांचा कारखाना आहे, तिथे ती बावीस वर्षं पॅकिंगला आहे. तिच्या पेटीतली वडी कधी कोपऱ्याला चेपली नाही, की चिकटपट्टी तिरकी गेली नाही. उन्हाळी भेटी पाठवायचा हंगाम आला की नव्या बायकांना तिच्या शेजारी उभं करतात आणि सांगतात, नुसतं बघा.

अशा बाईला घरची एक पेटी भरायला दोन आठवडे लागले, आणि तरी घोळ झालाच.

पेटी होती ओसाकाच्या सहलीची. ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या सुट्टीत, तेरा ऑगस्टला, ती, नवरा तेत्सुरो आणि बारा वर्षांची मुलगी सुझुना तिथल्या थीम पार्कला जाणार होते. एक दिवस पार्क, एक रात्र शेजारच्या हॉटेलात. त्या दिवशी घरच्या थडग्यांवर जाणं जमणार नव्हतं, म्हणून तिने आठवडाभर आधीच पहाटे पाचला जाऊन दगड घासले, फुलं ठेवली आणि सासऱ्यांच्या नावापुढे हात जोडून माफी मागितली.

तीन वर्षांपूर्वी ते याच पार्कात, याच दिवसांत गेले होते. तिथल्या मोठ्या रोलर कोस्टरला एकशे बत्तीस सेंटिमीटर उंची लागते. स्वयंपाकघराच्या खांबावर वर्षभर पेन्सिलच्या रेघा ओढत सुझुना नेमकी तेवढी झाली होती. अडीच तासांची रांग होती. त्यातले दोन तास दहा मिनिटं तिघं उभे राहिले. ‘इथून वीस मिनिटं’ अशी पाटी लावलेल्या पिवळ्या खांबापाशी मित्सुएच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती खाली बसली ती उठलीच नाही. उरलेला दिवस प्रथमोपचाराच्या खोलीत गेला. सुझुना रडली नाही. आईची पर्स मांडीवर घेऊन ती छताकडे बघत राहिली.

तेव्हापासून घरात एक वाक्य रुळलं: आईला उन्हात नको. शाळेच्या मैदानी स्पर्धांना नको, समुद्रावर नको, शेजाऱ्यांच्या बागेतल्या जेवणालाही नको. सगळे मायेने म्हणत, आणि मित्सुएला राग येई तो त्याचाच. मायेने म्हटलेल्या गोष्टीला उलटून काय बोलणार? यंदा सुझुना सहावीत होती. पुढच्या एप्रिलपासून माध्यमिक शाळा, म्हणजे उन्हाळाभर क्लबचा सराव, आणि मग आईबापाबरोबर कोण येतंय! जायचं तर यंदाच. त्या रांगेत मुलीच्या शेजारी शेवटपर्यंत उभं राहायचं, एवढंच मित्सुएला करून दाखवायचं होतं.

तेत्सुरो नगरपालिकेच्या पाणीखात्यात आहे. प्रत्येक गोष्टीला अट घालायची त्याला सवय.

“डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं अंगावर असेल तरच रांगेत,” तो म्हणाला. “डोकं झाकलेलं, मान झाकलेली, मीठ तोंडात. नाहीतर तू सावलीत बसायचंस, आई.” सुझुना जन्मल्यापासून तो बायकोला आईच म्हणतो.

“असेल. सगळं असेल,” मित्सुए म्हणाली आणि तिने फ्रिजच्या दारावर यादी चिकटवली.

यादीतली पहिली गोष्ट टोप्या. त्या तिने शेतीच्या सामानाच्या दुकानातून आणल्या. मागे मानेवर रुळणारा पडदा, हनुवटीखाली नाडी, फिकट जांभळ्या रंगावर बारीक फुलं. गावातल्या भातखाचरांत सत्तरीच्या बायका हीच टोपी घालून दिवसभर वाकलेल्या असतात आणि एकही चक्कर येऊन पडत नाही. याहून चांगला पुरावा मित्सुएला नको होता.

सुझुनाने टोपी दोन बोटांत धरून उचलली.

“आई, आपण पार्कात चाललोय की भात लावायला?”

“मान भाजली की कळेल.”

“माझ्या वर्गातलं कुणी दिसलं तर मी तुला ओळखत नाही. आधीच सांगून ठेवते.”

“कानांवाली टोपी घेऊ ना तिथेच,” तेत्सुरो वर्तमानपत्राआडून म्हणाला.

“तिथल्या टोप्यांना कान असतात, मानेला काही नसतं. तुम्ही पेपर वाचा.”

मग रोज तेच. मित्सुए संध्याकाळी पेटीत रचून ठेवी आणि सकाळी त्यातलं काहीतरी बाहेर असे. तेत्सुरोने गळ्यात अडकवायचा पंखा ‘चालतो का बघायला’ काढला आणि कार्यालयात विसरून आला; तो तीन दिवसांनी परत आला. सुझुनाने रुमालांच्या जागी तीन पोशाख कोंबले, कारण फोटोत एकच कपडे दोनदा दिसता कामा नयेत. खारट गोळ्यांची पुडी अर्धी झाली. कुणी खाल्ल्या ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

“माझं सनस्क्रीन ठेवलंस?” सुझुनाने दिवसातून तीनदा विचारलं. “गुलाबी बाटली. दुसऱ्या कुठल्याने मला पुरळ येतं.”

“ठेवलंय. सगळ्यात खाली, पिशवीत गुंडाळून.”

“नक्की?”

“अगं, मी जगाच्या पेट्या भरते! तुझी एक बाटली नाही ठेवता येणार मला?”

सामान दोन-तीन दिवस आधी कुरिअरने हॉटेलवर पाठवायचं आणि आपण हात हलवत जायचं, हे ठरलेलंच होतं. बॅगेचं चाक मोडलेलं निघालं, तेव्हा मित्सुएने कारखान्यातून एक कोरं खोकं आणलं. दहा तारखेला संध्याकाळी कामावरून येऊन, पायातले मोजेही न काढता, तिने शेवटची पट्टी मारली. एकीकडे भात शिजत होता. तेत्सुरो आंघोळीतून ओरडत होता की टॉवेल कुठे आहे. टॉवेल पेटीत होता. तिने ड्रॉवरमधून, कारखान्यातून आणून ठेवलेल्यांतली, कुरिअरची एक चिठ्ठी ओढली आणि उभ्या उभ्याच भरली. दिवसभरात अशा शंभर चिठ्ठ्या तिच्या हाताने भरल्या होत्या.

पेटी न्यायला कामादा आला. हाच माणूस रोज दुपारी कारखान्यातूनही माल उचलतो.

“काय मित्सुए-सान, घरूनसुद्धा वड्याच? सुट्टीत तरी थांबा की!”

“थांबते कसली! नशिबात तेवढंच आहे,” ती हसून म्हणाली. नेहमीची थट्टा असेल असं तिला वाटलं. कामादाने गाडीचं मागचं मोठं दार सोडून बाजूचं लहान, जाड दार उघडलं आणि पेटी आत सारली. तेवढ्यात भात उतू गेल्याचा वास आला आणि ती आत धावली.

बाराला सकाळी अकरा वाजता कारखान्याच्या भोंग्यातून आवाज आला: काजिवारा-सान, ऑफिसात फोन. सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. ऑफिसात चहासाठी सहा-सात बायका आणि पॅकिंगच्या प्रमुख निशीदे-सान बसल्या होत्या. फोन ओसाकाच्या कुरिअर कार्यालयातून होता. बोलणारा तरुण फार नम्र होता.

“आपण पाठवलेला माल हॉटेलने घेतला नाही. थंड खाद्यपदार्थ ते घेत नाहीत.”

“कसले खाद्यपदार्थ? मी सामान पाठवलंय.”

“चिठ्ठी निळी आहे, थंड मालाची. आणि मालाच्या रकान्यात लिहिलंय, माशाच्या वड्या.”

कुठलं अक्षर कुठे काढलं ते मित्सुएच्या हातालाच आठवलं. फोन नंबरसुद्धा तिने घरचा न लिहिता कारखान्याचा लिहिला होता, म्हणून तर हा फोन इथे आला होता.

“त्या वड्या नाहीत,” ती हळू म्हणाली.

“माफ करा, नीट ऐकू आलं नाही.”

“वड्या नाहीत! टोप्या आहेत. टोप्या, छत्री आणि… कपडे. आतले कपडे. तिघांचे.”

ऑफिसात कुणाच्या तरी घशात चहा अडकला.

“दोन दिवस ते फ्रिजमध्ये आहेत?” तिने विचारलं.

“पाच अंशांवर,” तरुण अभिमानाने म्हणाला. “एकदाही वर गेलेलं नाही.”

“मग बाहेर काढा आणि साध्या गाडीने हॉटेलवर द्या.”

“थंड म्हणून घेतलेला माल शेवटपर्यंत थंडच न्यावा लागतो. तसा नियम आहे.”

“पेटी उघडून बघा ना, मी परवानगी देते!”

“ग्राहकाची पेटी आम्ही उघडत नाही. मात्र आपण स्वतः हजर राहिलात, तर उद्या दोन ते चारमध्ये हॉटेलच्या दारात आपल्या हातात देऊ. आज आमच्याकडे येऊन नेलीत तरी चालेल.”

हिमीहून ओसाका, कामाच्या दिवशी. तिने उद्याची वेळ घेतली, त्या तरुणाला वाकून नमस्कार केला आणि फोन ठेवला. मागे वळली तर सगळ्या बायका कपात बघत होत्या.

“बावीस वर्षांत पहिली तक्रार,” निशीदे-सान गंभीरपणे म्हणाल्या. “आणि तीही चड्ड्यांची.” मग मात्र कुणालाच धरवलं नाही.

घरी तेत्सुरो हसला नाही, आणि ते अधिक वाईट होतं. जेवताना त्याने शांतपणे हिशोब मांडला. पहिल्या गाडीने साडेदहाला ओसाका. पेटी दोन ते चारमध्ये. भर दुपारची रांग टोप्यांशिवाय.

“सोपं आहे. तू हॉटेलच्या लॉबीत बस. गार हवा, मऊ खुर्ची. पेटी घे. आम्ही दोघं रांगेत जातो. तुला त्रास नको, आई.”

मित्सुए काकडी चिरत होती. चकत्या बोटभर जाड पडायला लागल्या. दोन आठवडे ती ज्यासाठी धडपडली होती, ते सगळं फिरून त्याच खुर्चीवर येऊन बसलं होतं. आणि तिथे बसवायला ना ऊन लागलं होतं, ना डॉक्टर. तिच्याच अक्षरांनी तिला बसवलं होतं.

“तुम्हाला हेच हवं होतं,” ती म्हणाली. “मी कुठेतरी बसलेली.”

“असं कुठे म्हणालो मी?”

“म्हणायला कशाला लागतं!”

सुझुना तोंडात बर्फ घोळवत होती. “सनस्क्रीन त्याच पेटीत आहे ना?”

“हो.”

“मग मी बारा वाजता रांगेत कशी उभी राहू? मी काय भाजायचा मासा आहे?”

“तिथे दुसरं घेऊ,” तेत्सुरो म्हणाला.

“दुसऱ्याने पुरळ येतं. शंभर वेळा सांगितलंय. बाबा, तुम्हाला जायचं तर जा. मी पेटी आल्याशिवाय उन्हात पाय ठेवणार नाही.” तिने बर्फ कडकन चावला. “रांग काय, चारलाही असतेच.”

आपल्यासाठी ती असं म्हणाली की खरंच पुरळासाठी, हे मित्सुएने मुलीच्या तोंडाकडे बघून शोधायचा प्रयत्न केला. तिथे बर्फाशिवाय काही नव्हतं.

तेराला ओसाकात पारा सदतीसवर होता. तेत्सुरो एकटाच पार्कात गेला आणि तासाभरात लाल होऊन परत आला. आत सावलीसाठीसुद्धा रांग आहे, एवढंच तो बोलला. त्यानंतर तिघं हॉटेलच्या काचेच्या दाराआड बसून राहिले. दोन वाजले, तीन वाजले. बाहेरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला मित्सुए उठून उभी राही. तीन पन्नासला कुरिअरचा माणूस आला. घामाने निथळत त्याने पेटी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

“लवकर फ्रिजमध्ये ठेवा,” तो कळकळीने म्हणाला. “या हवेत वड्या टिकत नाहीत.”

“ठेवते,” मित्सुए म्हणाली. आता कोण समजावत बसणार!

दाराबाहेरच्या अरुंद सावलीत तिने पट्टी फाडली. आतून गार हवेचा झोत आला. रुमाल, सदरे, टोप्या, सगळं विहिरीतून काढल्यासारखं थंड होतं. सुझुनाने हात घातला, मग कोपरापर्यंत घातला, मग डोकंच आत घातलं. वर आली तेव्हा फुलाफुलांची टोपी तिच्या डोक्यावर होती आणि पडदा मानेवर घट्ट दाबलेला होता.

“फक्त गार आहे तोवर,” ती म्हणाली.

“तुझी मर्जी.”

तेत्सुरोने हात पुढे केला. मित्सुएने त्यालाही एक दिली.

रांग एकशे दहा मिनिटांची होती. दहाव्या मिनिटाला टोप्यांचा गारवा संपला. सुझुनाने आपली काढली नाही. मित्सुएने ते पाहिलं. ती मोजून जवाच्या चहाचे घोट घेत होती, मोजून खारट गोळ्या चघळत होती. मधे तेत्सुरो पाच वेळा म्हणाला, “आई, ठीक ना?” सहाव्यांदा तिने त्याच्या तोंडात गोळी घातली. पिवळ्या खांबापाशी पाटी तीच होती. रांग नेमकी तिथेच थांबली. मित्सुएने गुडघे किंचित वाकवले, सरळ केले, पुन्हा वाकवले. सुझुना पाटीकडे बघत होती आणि तिने आईच्या पिशवीचा पट्टा मुठीत धरला होता. रांग हलली.

वर पोचल्यावर तिथल्या मुलीने टोपली पुढे केली. “टोप्या, पंखे, बाटल्या, गळ्यातलं सगळं यात ठेवा. काही अंगावर नको.”

“सगळं?” मित्सुएने विचारलं.

“सगळं.”

तिने टोपी काढली, पंखा काढला, ओला रुमाल, हातांवर चढवलेल्या सुट्या बाह्या, दोन बाटल्या, छत्री, गोळ्यांची पुडी. टोपली भरली. मुलीने दुसरी आणली.

“हे खाली लिहून ठेवायला काय झालं होतं?” मित्सुए चिडून म्हणाली. “दोन आठवडे मी…”

“आई, बस ना!” सुझुना आधीच पुढच्या रांगेत बसली होती आणि शेजारच्या सीटवर हाताने थापट्या मारत होती. “लोक थांबलेत.”

मित्सुए बसली. आडवी दांडी खाली आली आणि पोटाशी अडकली. हातात धरायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून तिने दांडी धरली.